तिसऱ्या साच्यातली सैनिक : ‘द इन्व्हिजिबल वॉर’

बलात्काराच्या बातमीतली बाई वृत्तपत्रांना दोनच रूपांत ओळखीची असते, असं हेलन बेनेडिक्ट यांनी 1992 मध्ये पुराव्यानिशी मांडलं. बेनेडिक्ट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पत्रकारिता शिकवत. ‘व्हर्जिन ऑर व्हॅम्प’ या पुस्तकात त्यांनी अमेरिकेतल्या चार गाजलेल्या प्रकरणांचं वार्तांकन उसवून पाहिलं. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की बातमीदाराच्या हाताशी दोन साचे तयार असतात, एक सोज्ज्वळ बाईचा आणि दुसरा चवचाल बाईचा. पहिल्या दिवशी यातला कुठला तरी एक उचलला जातो. मग तिने काय घातलं होतं, ती किती वाजता बाहेर पडली, प्यायली होती का, त्याला आधी ओळखत होती का, हे सगळे तपशील त्याच साच्यात बसवले जातात. गुन्हेगाराची चौकशी राहते बाजूला आणि वाचकांच्या मनात खटला उभा राहतो तो तिच्यावर.

पंधरा वर्षांनी, 2007 मध्ये, याच बेनेडिक्टबाईंनी ‘सलॉन’ नियतकालिकात इराक युद्धातल्या अमेरिकन स्त्री-सैनिकांवर एक दीर्घ लेख लिहिला. त्यात एक तरुण सैनिक भेटते. ती जवळ सुरी बाळगते, पण शत्रूसाठी नाही, आपल्याच बाजूच्या पुरुषांसाठी. वार्तांकनाचे साचे ज्यांनी आयुष्यभर अभ्यासले, त्यांनी स्वतः वार्तांकन कसं करावं, याचा हा लेख नमुना होता. तो वाचून कर्बी डिक आणि एमी झीरिंग या दोघांनी माहितीपट करायला घेतला. ‘द इन्व्हिजिबल वॉर’ जानेवारी 2012 मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं आणि 2014 मध्ये शोधपत्रकारितेचा एमी पुरस्कारही. शंभर मिनिटांच्या आत संपणारा हा चित्रपट अमेरिकी सैन्यातल्या लैंगिक अत्याचारांबद्दल आहे. सैनिकाने सैनिकावर केलेले अत्याचार, आणि त्यांनंतर यंत्रणेने केलेले.

पुरस्कार आणि परिणाम यांमुळे या चित्रपटाबद्दल बोलताना बहुतेक जण ‘महत्त्वाचा’ हे विशेषण लावून मोकळे होतात. महत्त्वाचा तो आहेच. पण तो बांधला कसा आहे, हे पाहण्यात जास्त गंमत आहे आणि जास्त शिकवणूकही. बेनेडिक्टबाईंनी दाखवलेले दोन्ही साचे हा चित्रपट मोडतो. मात्र ते मोडताना तो स्वतःचा एक तिसरा साचा ओततो, दगा मिळालेल्या देशभक्त सैनिकाचा. त्याचं सगळं बळ या साच्यात आहे, आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे.

सुरुवात पाहा. पडद्यावर सैन्यातल्या स्त्रियांच्या जुन्या प्रचारफिती येतात. इस्त्रीचे गणवेश, रांगेत पडणारी पावलं, हसरे चेहरे, देश तुमची वाट पाहतोय असा एकंदर सूर. त्यानंतर आजच्या स्त्रिया बोलू लागतात. त्या सांगतात ते सैन्यात का गेल्या याबद्दल. कुणाचे वडील सैन्यात होते, कुणाला लहान गावातून बाहेर पडायचं होतं, कुणाला अंगमेहनतीची मुळातच आवड. खडतर प्रशिक्षण आपल्याला कसं आवडलं, हे सांगताना त्यांचे चेहरे उजळतात. बराच वेळ अत्याचाराचा शब्द नाही. बातमी नेमकी उलट चालते. तिथे पहिल्या ओळीत गुन्हा येतो आणि बाईचं आयुष्य, आलंच तर, शेवटच्या परिच्छेदात, तेही संपादकाने जागेअभावी कापलं नाही तर. इथे आधी माणूस भेटतं, मग त्याच्यावर काय गुदरलं ते कळतं. शिवाय या क्रमात दिग्दर्शकाची एक चाल आहे. सैन्यावर प्रेम करणारा जो प्रेक्षक ‘यांना सैन्याची बदनामीच करायची आहे’ असं म्हणून उठून गेला असता, तो पहिल्या दहा मिनिटांतच खुर्चीला खिळतो. कारण समोरच्या बायका त्याच्याहून जास्त सैन्यावर प्रेम करणाऱ्या आहेत.

मग कथनं सुरू होतात. कॅमेरा चेहऱ्याजवळ, प्रश्न विचारणारे पडद्याबाहेर. घटनेचं नाट्यरूपांतर नाही, अंधारे जिने नाहीत, झटापटीच्या सावल्या नाहीत. टीव्हीच्या वृत्तवाहिन्यांना ज्याचा मोह आवरत नाही, ते सगळं इथे वगळलं आहे. आणि या बायका विखुरलेल्या ठिकाणच्या आहेत. तटरक्षक दल, नौदल, हवाई दल, मरीन, भूदल. दिग्दर्शक एकीचं वाक्य मध्येच थांबवतो आणि दुसरीच्या वाक्यावर जातो. तक्रार कुणाकडे करायची होती, हे एक सांगते; तो अधिकारी त्या माणसाचा मित्र होता, हे दुसरी; तो अधिकारीच तो माणूस होता, हे तिसरी. एकमेकींना न भेटलेल्या बायका जणू एकच जबानी पुरी करत आहेत. संकलनाचं हे कसब वरवर साधं दिसतं, पण चित्रपटाचा मुख्य युक्तिवाद त्यातच आहे. प्रत्येकीची कहाणी सुटी सांगितली असती तर ती दुर्दैवी घटना ठरली असती. अशी जोडून सांगितल्यावर ती पद्धत ठरते.

बातम्यांनी हीच गोष्ट वर्षानुवर्षं कशी हुकवली, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. सप्टेंबर 1991 मध्ये लास व्हेगासच्या हिल्टन हॉटेलात नौदल वैमानिकांच्या ‘टेलहुक’ संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथल्या तिसऱ्या मजल्याच्या मार्गिकेत जे घडलं त्यात 83 स्त्रिया आणि 7 पुरुषांवर अत्याचार झाल्याचं संरक्षण खात्याच्याच चौकशीत पुढे आलं. सॅन डिएगोच्या ‘युनियन’ने बातमी फोडली, आणि पुढल्या वर्षी एक नौदल लेफ्टनंट, स्वतः वैमानिक, नाव आणि चेहरा घेऊन राष्ट्रीय वाहिनीवर आली तेव्हा देश हादरला. लष्करी न्यायालयात मात्र एकालाही शिक्षा झाली नाही. 1996 मध्ये मेरीलँडमधला अ‍ॅबरडीन हा भूदलाचा तळ आला, तिथे प्रशिक्षकांनी नवशिक्या मुलींना छळलं होतं. 2003 मध्ये कोलोरॅडोतली हवाई दल अकादमी आली. तिथल्या एका भिंतीवर पुरुषांना साद घालणारी मोठाली धातूची अक्षरं होती, ती उतरवली गेली, आणि उतरवतानाचं दृश्य छायाचित्रकारांना आयतं मिळालं. वाचकाला वाटलं, काहीतरी बदललं.

या प्रकरणांची नावं लक्षात घ्या. टेलहुक, अ‍ॅबरडीन, अकादमी. पुढे चित्रपट प्रदर्शित झाला त्याच उन्हाळ्यात टेक्सासमधला लॅकलँड हा हवाई दलाचा तळ. प्रत्येक वेळी एखाद्या अधिवेशनाचं, तळाचं किंवा संस्थेचं नाव. ठिकाणाचं नाव दिलं की रोग त्या ठिकाणापुरता ठरतो. बाकीचे तळ निरोगी ठरतात, आणि पुढच्या वेळी बातमीदाराला पुन्हा ‘धक्कादायक’ हा शब्द वापरायची मोकळीक मिळते. चित्रपट ही प्रकरणं एका माळेत ओवतो आणि प्रत्येकानंतर उभे राहिलेले वरिष्ठ अधिकारी व मंत्री दाखवतो. माणसं बदलतात, दशकं बदलतात, वाक्य तेच राहतं, की असं वर्तन मुळीच खपवून घेतलं जाणार नाही. चौथ्या तोंडून ते ऐकताना प्रेक्षागृहात कुणीतरी हसतंच. निवेदकाला एक शब्दही बोलावा लागत नाही. संग्रहातल्या फिती नुसत्या शेजारी शेजारी ठेवून केलेला इतका जहाल उपरोध माहितीपटांत क्वचित दिसतो.

आता सगळ्यात जवळून पाहण्याजोगी गोष्ट, एक जबडा. चित्रपटाचा कणा ज्या कहाणीवर आहे ती तटरक्षक दलातल्या एका तरुणीची. (चित्रपटात आणि न्यायालयाच्या कागदांत तिचं नाव आहे, इथे त्याची गरज नाही.) वरिष्ठाने तिच्यावर अत्याचार केला, आणि त्याच्या मारहाणीत तिचा जबडा कायमचा बिघडला. चित्रपटात दिसते तेव्हा तिचं लग्न झालेलं आहे, नवराही तटरक्षक दलात होता, एक लहान मुलगी आहे. जबड्याच्या दुखण्यामुळे तिला मऊ पदार्थच खावे लागतात, थंडी सोसवत नाही. उपचारासाठी ती माजी सैनिकांच्या कल्याण खात्याकडे अर्ज करते. अर्ज, उत्तर, पुन्हा अर्ज. फोन करून ताटकळते. तिची सेवा आवश्यक दोन वर्षांना दोन महिने कमी पडते, हे कारण पुढे येतं. सेवा अर्धवट का राहिली, हा रकाना त्या छापील अर्जात नाही.

वाहिनीच्या तीन मिनिटांच्या बातमीत हा फोन कधीच आला नसता. फोनवर ताटकळणारी बाई ही बातमी नव्हे, तिथे काही घडतच नाही. पण डिक आणि झीरिंग यांनी इथे सगळा वेळ दिला आहे, आणि त्यामुळे दोन गोष्टी साधल्या आहेत. पहिली, अत्याचार ही एका रात्रीची घटना उरत नाही. रोजच्या जेवणात, हिवाळ्यात, टपालाच्या पेटीत ती चालूच राहते. दुसरी याहून हुशारीची. लैंगिक अत्याचाराची खूण अंगावर दिसत नाही म्हणून संशयाला जागा राहते. जबडा दिसतो. क्ष-किरणांच्या तपासणीत दिसतो, घास चावताना दिसतो. युद्धात जखमी झालेल्या सैनिकाबद्दल अमेरिकी प्रेक्षकाच्या मनात जो आदर असतो, तो या जखमेकडे वळवायचं काम चित्रपट फार शिताफीने करतो. जखमी सैनिकाला सरकार दारात उभं करत नाही, हा राग पुढच्या खुर्चीतल्या कट्टर देशभक्तालाही येतो. बलात्कारावरच्या चित्रपटात प्रेक्षकाचा संताप कल्याण खात्याच्या अर्जावर आणून ठेवणं, हे ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी.

या संयमाचं मूळ कदाचित या जोडीच्या पूर्वायुष्यात असावं. या दोघांनी मिळून केलेला एक आधीचा चित्रपट होता झाक देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञावर, 2002 चा. त्यानंतर डिक यांनी चर्चमधल्या बालअत्याचारावर ‘ट्विस्ट ऑफ फेथ’ केला, आणि अमेरिकी चित्रपटांना वयोगटाची प्रमाणपत्रं देणाऱ्या गुप्त मंडळाच्या मागे लागून ‘धिस फिल्म इज नॉट यट रेटेड’. संस्था स्वतःबद्दल काय बोलते आणि त्या बोलण्याला भेग कुठे पडते, हे शोधण्याची सवय त्यांना आधीपासूनची आहे.

ती सवय कामी येते पोस्टरच्या प्रसंगात. संरक्षण खात्याने लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं आणि जनजागृतीची पोस्टरं काढली. त्यांपैकी एकात पुरुष सैनिकाला सल्ला आहे, की ती शुद्धीवर येईपर्यंत थांब. मोहीम खात्याची, खर्च खात्याचा, हेतूही चांगला. पण या पोस्टरमधली बाई कोण आहे? ती प्यायलेली आहे. म्हणजे बेनेडिक्टबाईंचा दुसरा साचा, चवचाल बाईचा, थेट सरकारी छापखान्यातून बाहेर पडलेला. कार्यालयाच्या प्रमुख कॅमेऱ्यासमोर मोहिमेचं समर्थन करतात, साध्या प्रश्नांना अडखळतात, आणि दिग्दर्शक त्यांना थांबवत नाही. त्यांची टर उडवत नाही, कुत्सित संगीत लावत नाही. नुसतं बोलू देतो.

हाच साचा पुढे गंभीर होतो. वॉशिंग्टनच्या मरीन बॅरॅक्स म्हणजे मरीन दलाचं शोभेचं ठाणं, राजधानीतल्या समारंभांत चमकणारं. तिथे काम केलेल्या अधिकारी स्त्रिया सांगतात की तक्रार केल्यावर चौकशी झाली ती आपलीच. एकीच्या बाबतीत म्हणे निष्कर्ष असा निघाला, की तिने मेकअप केला होता, स्कर्ट घातला होता, व्यायामाला आखूड चड्डी घालून गेली होती, तेव्हा हे तिला हवंच असणार. तो स्कर्ट मरीन दलाने ठरवून दिलेल्या मापाचा होता, गणवेशाचाच भाग. दुसऱ्या काही कहाण्यांत अविवाहित तक्रारदारावरच व्यभिचाराचा ठपका येतो, कारण ज्याने बलात्कार केला तो विवाहित होता. लष्करी कायद्यात व्यभिचार हा गुन्हा आहे. चित्रपट इथे आवाज चढवत नाही. बाई कोरड्या स्वरात तपशील सांगते आणि आपण ते वाक्य मनात पुन्हा एकदा तपासून पाहतो.

पहिला, सोज्ज्वळतेचा साचा येतो तो एका वडिलांच्या प्रसंगात. नौदलात गेलेल्या एका मुलीचे वडील स्वतः भूदलात सार्जंट मेजर, म्हणजे शिपायांमधलं सर्वांत मानाचं पद. मुलीचा कौमार्यावर विश्वास होता, लग्नापर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं. तिच्यावर अत्याचार झाला तेव्हा बापाने तिला समजावलं, की तू अजून कुमारीच आहेस, कारण तू काही दिलेलं नाहीस, ते हिसकावून घेतलं गेलं. हे सांगताना तो आडदांड माणूस ढसाढसा रडतो. चित्रपटात बहुतेकांना सगळ्यात आठवणीत राहणारा क्षण हाच.

मला तो क्षण जितका हलवतो तितकाच अस्वस्थही करतो. बापाचं प्रेम खरं आहे, आणि त्याच्या तुटपुंज्या शब्दसंपत्तीत त्याने लेकीसाठी शोधलेली पळवाटही खरी आहे. पण जिने असं काही ठरवलेलं नव्हतं, जिला लग्नाआधी मित्र होता, तिच्या बापाने काय म्हणायचं? दिग्दर्शक हा प्रश्न विचारत नाही. रडणारा सार्जंट मेजर इतका प्रभावी आहे की त्याच्या अश्रूंआडून जुना साचा पुन्हा आत येतो आणि प्रेक्षक त्याला टाळ्या देतो. या प्रसंगानंतर किंचित थांबायला हवं होतं. चित्रपट थांबत नाही. माझ्या मते बांधणीतली ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती सर्वांत परिणामकारक प्रसंगातच व्हावी हे या कलेचं दुखणं आहे.

मात्र त्याच्या उलट बाजूला एक पुरुष आहे. 1970च्या दशकात हवाई दलात असताना त्याच्यावर साथी सैनिकांनी अत्याचार केला, आणि कित्येक वर्षं त्याने ते बायकोलाही सांगितलं नाही. तो पडद्यावर येतो आणि दोन्ही साचे आपोआप गळून पडतात, कारण ते मुळात बाईसाठीच घडवलेले. त्याला सोज्ज्वळही म्हणता येत नाही, चवचालही. स्कर्टचा प्रश्न उद्भवत नाही. उरतो तो फक्त गुन्हा, आणि गुन्हा करणाऱ्याचं बळ. चित्रपटाने हा धागा आणखी ताणायला हवा होता. संरक्षण खात्याच्याच 2012 च्या पाहणीवरून त्या वर्षात सुमारे 26,000 सैनिकांना नकोशा लैंगिक कृत्यांना तोंड द्यावं लागलं असा अंदाज निघाला, आणि त्यांत निम्म्याहून किंचित अधिक पुरुष होते. सैन्यात पुरुषांची संख्या मोठी, म्हणून टक्केवारीत स्त्रियांना धोका कितीतरी पट जास्त; पण डोकी मोजली तर हे चित्र. पडद्यावरचा वेळ मात्र या पुरुषांच्या वाट्याला थोडाच आला.

यातून आपण तिसऱ्या साच्याच्या किमतीपाशी येतो. देशभक्त, कर्तबगार, शिस्तीची नोंद चांगली असलेली सैनिक. तिच्यावर अविश्वास दाखवणं अवघड, म्हणून चित्रपटाने तिला निवडलं. पण जी सैन्याला कंटाळली होती, जी खरंच प्यायली होती, जिच्या नावावर आधीच दोन ठपके होते, तिचं काय? अत्याचार तिच्यावरही होतो, किंबहुना तिची तक्रार कुणी ऐकणार नाही हे हेरूनच होतो. आणि सैन्याने ज्यांच्या देशात युद्ध केलं, तिथल्या बायकांचं? अमेरिकी सैनिकांनी परदेशी नागरिकांवर केलेला अत्याचार चित्रपटाच्या चौकटीबाहेर आहे. आरोपींची बाजूही पडद्यावर नाही. न्यायालयाच्या एका निकालाचा सारांश देताना चित्रपट धार जास्त लावतो. 2011 मध्ये या जबडा दुखावलेल्या तरुणीने आणि तिच्यासोबतच्या इतर तक्रारदारांनी माजी संरक्षणमंत्र्यांवर केलेला दावा फेटाळला गेला. बलात्कार हा सैन्यसेवेतला व्यावसायिक धोकाच, असं न्यायालय म्हणालं असा अर्थ चित्रपट देतो. निकालाची भाषा याहून कोरडी होती. सैन्याच्या अंतर्गत शिस्तीत न्यायालयांनी हात घालू नये, या जुन्या भूमिकेवर तो उभा होता. तक्रारदाराच्या दृष्टीने परिणाम एकच, हे खरं. पण शोधपत्रकारितेचा मान मिळवणाऱ्या कृतीकडून तेवढा काटेकोरपणा अपेक्षित आहे.

तरीही साचा वापरायचाच असेल तर असा वापरावा, हे परिणाम पाहून म्हणावं लागतं. 14 एप्रिल 2012 रोजी संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी हा चित्रपट पाहिला. दोनच दिवसांत त्यांनी जाहीर केलं की अशा तक्रारींत कारवाई करायची की नाही, हे यापुढे तुकडीचा प्रमुख ठरवणार नाही, किमान कर्नल दर्जाचा अधिकारी ठरवेल. प्रदर्शित आवृत्तीच्या शेवटी ही माहिती पाटीवर येते, आणि तिच्याखाली चित्रपटच सांगतो की एवढं पुरेसं नाही. मंत्र्याची शाबासकी खिशात घालून शेवट गोड करण्याचा मोह इथे टाळला आहे. मूळ मागणी होती ती अधिकार सैन्याच्या साखळीबाहेर, स्वतंत्र अभियोक्त्याकडे देण्याची. सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड यांनी ती उचलून धरली. या विषयाकडे आपण वळलो ते हा चित्रपट पाहून, असं त्या सांगतात. मार्च 2014 मध्ये त्यांच्या विधेयकाला सिनेटमध्ये 55 मतं मिळाली. अडवणूक ओलांडायला 60 लागत होती.

मग 2020 मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर वनेसा गियेन या वीस वर्षांच्या सैनिकाचा खून झाला. तळावर आपला लैंगिक छळ होतोय, हे तिने घरच्यांना सांगितलं होतं. देशभर तिची भित्तिचित्रं रंगली. जवळपास सगळीकडे तीच प्रतिमा, गणवेश आणि मागे राष्ट्रध्वज. तिसरा साचा आता चित्रपटगृहातून रस्त्यावर आला होता, आणि त्याने पुन्हा काम केलं. डिसेंबर 2021 मध्ये कायदा बदलला. 28 डिसेंबर 2023 पासून बलात्कार, लैंगिक अत्याचार, खून अशा गुन्ह्यांत खटला चालवायचा की नाही, याचा निर्णय तुकडीच्या साखळीबाहेरच्या विशेष अभियोक्त्यांकडे गेला. चित्रपट आला तेव्हापासून अकरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

मराठी वाचकाने हे सगळं परक्याचं दुखणं म्हणून वाचू नये, याला दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. आपल्याकडे पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत ते कलम 228 अ होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम 72 आहे. 1983 च्या ज्या दुरुस्तीतून ते आलं, तिच्या मुळाशी आपल्याच विदर्भातलं, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं मथुरा प्रकरण होतं. तिथेही गणवेशातले लोक होते, तिथेही सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मुलीच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून तिची संमती धरली होती. ओळख लपवणारी तरतूद गरजेचीच आहे. पण आपल्या वृत्तपत्रांनी तिचा अर्थ आळशीपणाने लावला. गुडघ्यांत डोकं घातलेली मुलगी, भिंतीवर पंजाची सावली, हे रेखाचित्र गेली कित्येक वर्षं बातमीसोबत छापलं जातं. कायद्याने नाव झाकायला सांगितलंय, मान खाली घालायला लावलेली नाही. पीडितेने लेखी संमती दिली तर ओळख प्रसिद्ध करायलाही कायदा वाट ठेवतो. ‘द इन्व्हिजिबल वॉर’मधल्या बायका सरळ कॅमेऱ्यात पाहून बोलतात, आणि एवढ्यानेच लाज कुणाची हा प्रश्न जागा बदलतो. नाव न छापताही बातमीत हे साधता येईल. रेखाचित्र हवंच असेल तर बंद दार असलेल्या कार्यालयाचं काढावं, परत आलेल्या अर्जाचं काढावं.

दुसरं कारण पुण्याजवळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि 30 मे 2025 रोजी 17 मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची हसरी छायाचित्रं छापली. छापायलाच हवी होती. या चित्रपटाची सुरुवातही अशाच हसऱ्या चेहऱ्यांनी होते. त्या मुलींच्या अभिमानाला कुठे धक्का लावायचं कारण नाही. पण उद्या कुठल्याही दलातून, कुठल्याही मुलीची किंवा मुलाची तक्रार आली, तर तिचं वार्तांकन कसं करायचं याची तयारी आपल्या संपादकीय कचेऱ्यांनी आजच करून ठेवावी.

म्हणून माझी शिफारस सरळ आहे. पत्रकारितेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात हा चित्रपट दोनदा दाखवावा. पहिल्यांदा रडण्यासाठी, त्याला पर्याय नाही. दुसऱ्यांदा वही घेऊन. कोणता तपशील कुठे ठेवला, कोणाला किती वेळ दिला, कोणाला वगळलं, सार्जंट मेजर रडला तेव्हा आपलं काय झालं, हे लिहून काढण्यासाठी. आणि वृत्तपत्र वाचणाऱ्यांनी एवढंच करावं. अशी पुढची बातमी समोर आली की त्यात बाईबद्दल किती ओळी आहेत, आरोपीबद्दल किती, आणि तक्रार ज्याच्या टेबलावर पडून राहिली त्या अधिकाऱ्याबद्दल किती, हे मोजावं. शेवटचा आकडा शून्य आला, तर संपादकाला पत्र लिहावं.